सहावं कारण

कालिलिमा, देडझा
५ मे २०१३

फायसन,

त्या सकाळी मी अंगण झाडलं, कोंबड्या सोडल्या, आदल्या दिवशीच्या भांड्यांना राख लावली आणि मक्याची पेज चुलीवर ठेवली. पेज शिजेपर्यंत भोपळ्याच्या वेलाची कोवळी पानं खुडून टोपली भरली. तुझा भाऊ खुर्ची दारात ओढून बसला होता. शाळेत जायचं नव्हतं, तरी पांढरा सदरा घातलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी त्याच्यापुढे पेज ठेवली. त्याने साखर मागितली, मी दिली. विशेष काही बोलणं झालं नाही. मग मी बादली घेऊन बोअरवर गेले. रांग होती. परत आले तेव्हा तो खुर्चीतच होता, मान एका बाजूला कललेली, पेज अर्धी उरलेली.

पुढचं तुला माहीत आहे. मातीला तू होतास. "आता ही म्हातारी माझ्या गळ्यात," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास आणि लोक हसले. दिराने तसं म्हणायचंच असतं. मला राग नाही.

आज लिहिते आहे ते कॉम्प्युटरसाठी. गावात काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेल, पण मी माझ्या शब्दांत सांगते. नोव्हेंबरात शाळेच्या ऐंशी मुलांची नावं बोर्डाच्या परीक्षेसाठी त्याने त्या यंत्रावर चढवली. जिल्ह्याच्या कचेरीत फाइल उघडली तर सहासष्ट नावं निघाली, पुढे नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. मुदत त्याच संध्याकाळी संपली. चौदा मुलं राहिली. तो सांगत राहिला की सगळी नावं घातली होती, यंत्र मध्येच बंद पडतं, तीन वेळा पडलं. मग हेडमास्तर चिसालेंनी जिल्ह्याहून एक जाणकार बोलावला. त्याने सकाळपासून दुपारपर्यंत यंत्र चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही. तेवढ्यावर गावाने ठरवून टाकलं की मास्तरने आळस केला आणि मुक्या यंत्रावर ढकललं. त्याला घरी बसवलं. तीन महिने तो त्या खुर्चीत बसला.

यंत्र त्याचं स्वतःचं, तू दिलेलं, म्हणून तपासणीनंतर शाळेने ते परत पाठवलं. ते आता आतल्या खोलीत आहे. मला एवढंच कळायला हवं: ते बंद पडतं का? पडत असेल तर कशाने? तो खोटं बोलला की नाही, हे कळल्याशिवाय मला काळा कपडा उतरवायचा नाही.

तुझं हेच काम आहे, तर मला शिकव. फोनवर नको. सिग्नलसाठी टेकडी चढावी लागते आणि उतरेपर्यंत निम्मं विसरते. कागदावर लिही, म्हणजे समोर ठेवून हात चालवता येतील. मी तिसरीपर्यंतच शाळेत गेले हे खरं, पण बसले की वाचते. शब्दकोश त्याचा आहेच.

मिनीबसच्या ड्रायव्हरकडे बटाट्यांची पिशवी दिली आहे. त्यातून चार त्याने घेतले तर काही म्हणू नकोस.

डोरिका


कवाले बाजार, लिलोंग्वे
१४ मे

प्रिय बायको,

भुवया चढवू नकोस, माझा हक्क आहे. बटाटे पोचले. ड्रायव्हरने चार नाही, दहा खाल्ले असावेत, पिशवी शिवताना दोरा बदललेला दिसतोय. असे बटाटे पाठवणारी बाई मास्तरच्या आधी मला भेटली असती तर माझं कल्याण झालं असतं. पण तेव्हा मी सातवीत होतो आणि तू मला शेंबड्या म्हणायचीस.

आता कामाचं. तू यंत्र इकडे पाठवून दे. त्याच मिनीबसने, गोधडीत गुंडाळून. मी दोन दिवसांत बघतो आणि कळवतो. बायकांनी आत हात घालण्यासारखं ते काम नाही. चुकीच्या ठिकाणी बोट लागलं तर यंत्रही जाईल आणि तूही. मग मला एक बायको कमी होईल.

तरी तुझा हट्ट माहीत आहे, म्हणून लिहितो. यंत्र मध्येच बंद पडतं त्याची पाच कारणं असतात.

एक, धूळ. मागचा पंखा धुळीने भरतो. कोंबडीच्या पिसाने साफ कर, ओलं फडकं लावू नकोस.

दोन, उष्णता. त्यावर तू ते पिवळ्या काठाचं विणलेलं आच्छादन घालून ठेवतेस. देखणं आहे, पण यंत्राचं नाक मागे असतं आणि तू त्यालाच पांघरूण घातलंस. मला तर हेच कारण वाटतं.

तीन, वीज. तुमच्याकडे ती चढते, पडते, जाते. चार, आतल्या वायरी सैल होतात. पाच, बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हमधला रोग.

झाकणाचे स्क्रू मागे आहेत. वायर भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडू नकोस, आणि आत हात घालण्याआधी लोखंडाला हात लाव. अंगातली वीज उतरते.

काही सापडलं नाही तर मन खट्टू करू नकोस. पाठवून दे.

तुझा धाकटा नवरा,
फायसन


कालिलिमा
२ जून

फायसन,

यंत्र पाठवणार नाही. ते गाडीत चढलेलं कुणी पाहिलं तर म्हणतील, पुरावा लपवला. ते या घरात राहील.

तुझं पत्र वाचून मी ते आच्छादन हातात घेऊन बसले होते. लग्नाआधी विणलेलं. गावात ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याच्या रेडिओवर असं एक असतं, टीव्ही असेल तर त्यावर मोठं. आपण त्याला मान देतो. आणि मी मान देण्याच्या नादात त्याचं नाक बुजवलं असेल तर? चार दिवस मला जेवण गेलं नाही. शेजारच्या नाम्बेवेने विचारलं, "आजारी आहेस का गं?" मी म्हटलं, "दात दुखतोय."

मग उठले. आच्छादन काढून पेटीत ठेवलं. झाकण उघडलं. पंख्यावर इतकी धूळ होती की जणू कुणी पीठ चाळलंय. पिसाने काढली. एका कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी होती, तीही काढली. वायरी एकेक दाबून बसवल्या. पेनड्राइव्ह कुठलाच लावला नाही. विजेचं म्हणशील तर मी त्याच फळीवर एक दिवा लावून ठेवते. दिवा मिणमिणला तर यंत्र लगेच बंद करते.

आणि एक वही केली. किती वाजता चालू केलं, त्यावर काय करत होते, कधी बंद पडलं.

पहिले तीन दिवस नुसतं टाइप केलं, बायबलची पानं बघून. चार तास, पाच तास चाललं. मला वाटलं, संपलं. यंत्र निरोगी आहे आणि माझा नवरा खोटारडा होता. चौथ्या दिवशी कंटाळून त्याचे शाळेच्या सहलीचे फोटो उघडले, एकावर एक, टाइपिंग तसंच उघडं ठेवून. अठरा मिनिटांत पडदा निळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली आणि यंत्र आपोआप परत चालू झालं. दिवा जराही हलला नव्हता. आच्छादन पेटीत होतं.

फायसन, मी खुर्चीवरून उठून नाचले. काळ्या कपड्यात, एकटी.

त्यानंतर सहा वेळा करून पाहिलं. थोडं काम दिलं की चालतं. पुष्कळ गोष्टी एकदम उघडल्या की वीस-पंचवीस मिनिटांत निळं पान. जिल्ह्याच्या त्या जाणकाराने फक्त एक कागद उघडून ठेवला होता आणि बाहेर शेंगदाणे खात बसला होता. हे मला हेडमास्तरांच्या बायकोने सांगितलं. तुझ्या भावाने मात्र ऐंशी मुलांचे फोटो, दाखले आणि ती यादी असं सगळं एकदम उघडं ठेवून काम केलं असणार. निळ्या पानावरचे आकडे मी उतरवून घेतले आहेत, मागच्या बाजूला आहेत. काय म्हणतात ते?

काल बोअरवर नाम्बेवेने मला पुढे जाऊ दिलं नाही. नाम्बेवे म्हणजे तिसुंगानेची आई, तिची मुलगी त्या चौदांतली. मी म्हटलं, "बाई, माझा नंबर आहे." ती म्हणाली, "नंबर? माझ्या पोरीचा नंबर होता. मास्तरने तो कुठे ठेवला विचारलंस का? की तोही यंत्राने खाल्ला?" मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "यंत्र बटाट्यांऐवजी मुली खातं वाटतं."

मी बादली उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. तिसुंगाने आता इथे नाही. न्चेऊच्या बसथांब्यावर मावशीच्या टपरीत भजी तळते. तिच्या वर्गाची परीक्षा येत्या सोमवारी सुरू होते.

लवकर लिही.

डोरिका


लिलोंग्वे
११ जून

वहिनी,

आकडे पाहिले. त्यांवरून नक्की काही सांगता येत नाही, शंभर गोष्टी असू शकतात. बहुतेक वीजपुरवठ्याचा डबा असेल. तो बदलायचा तर जुना काढून नवा बसवावा लागतो आणि तसा आता मिळत नाही.

यंत्र जुनं आहे. परदेशातून कंटेनर भरून येतात, त्यातलं. अशा यंत्रांना लहर येते. त्यामागे एवढं लागू नये.

मी दादाचा भाऊ आहे, मलाही वाईट वाटतं. पण मेलेल्याला पडू द्यावं. तुम्ही किती खणलं तरी चौदा मुलं परीक्षेला बसणार नाहीत. लोक वर्षभरात विसरतात. यंत्र खोक्यात घालून ठेवा.

सोबत साखर पाठवली आहे.

फायसन


कालिलिमा
७ जुलै

फायसन,

साखर मिळाली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू मला एकदाही बायको म्हणाला नाहीस. म्हातारी नाही, हट्टी नाही, काहीच नाही. आपल्यात दीर भावजयीशी गोड बोलायला लागला की समजायचं, कुणी मेलंय किंवा काही लपवलंय. मेलेला तर जुनाच आहे.

मी मिशनच्या तंत्रशाळेत चालत गेले. वाचनालयातल्या बाई आधी म्हणाल्या, "आई, पाककृतींची पुस्तकं त्या बाजूला." मी म्हटलं, "पोरी, मला कॉम्प्युटरचं पोट फाडायचं आहे." त्या घाबरल्या आणि त्यांनी जाडजूड पुस्तक दिलं. इंग्रजीत. रोज दोन पानं, एका बाजूला शब्दकोश. एका शब्दाला कधी कधी पाच अर्थ निघतात, मग पाचही लावून बघते.

यंत्र मध्येच बंद पडण्याची कारणं एकाहत्तराव्या पानावर आहेत. धूळ, उष्णता, वीज, वायरी, रोग. पाचही तुझ्या यादीतली, त्याच क्रमाने. आणि सहावं: मेमरीची पट्टी. पुस्तक म्हणतं, हे सगळ्यात आधी बघा.

मला आधी वाटलं, तू विसरलास. मग वाटलं, बाईला जमणार नाही म्हणून लिहिलं नसशील. तुझ्याबद्दल याहून वाईट काही मनात आलं नाही, हे देवाला ठाऊक आहे.

आत दोन पट्ट्या आहेत, बोटाएवढ्या रुंद, हिरव्या. पुस्तकात लिहिलंय त्याप्रमाणे दोन्ही बाजूंचे चिमटे उघडून एक काढली आणि दुसरीवर यंत्र चालवलं. फोटो उघडले, यादी उघडली, गाणी लावली, सापडेल ते सगळं उघडलं. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. निळं पान नाही. मग ती काढून पहिली घातली. चहा उकळेपर्यंतही टिकलं नाही. तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, पुन्हा घातली. तेच. वाटलं, दोष बसायच्या जागेचा असेल, म्हणून जागा बदलल्या. आजार पट्टीबरोबर गेला. चांगली पट्टी दोन्ही जागी चालते, वाईट कुठेच चालत नाही.

आता जिल्ह्याच्या जाणकाराचंही कोडं सुटलं. दोन कणग्या असतात ना, तसं आहे ते. मका थोडा असेल तर पहिल्याच कणगीत मावतो. जास्त झाला की दुसरी उघडावी लागते आणि उंदीर दुसरीत आहेत.

हे सगळं झाल्यावर मी ती वाईट पट्टी उन्हात धरली. एका कोपऱ्यावर लाल ठिपका आहे. नेलपॉलिशचा. कुणीतरी खरवडायचा प्रयत्न केलेला, पण खाचेत राहिलाय.

चार वर्षांपूर्वी मी तुझ्या दुकानात आले होते. टेबलाखाली एक खोकं होतं, त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर असाच ठिपका. मी विचारलं, "हे नटवलंयस कशाला?" तू म्हणालास, "ही मेलेली, वहिनी. जिवंतांत मिसळू नयेत म्हणून."

मग मला ऑक्टोबरातला रविवार आठवला. तू यंत्रात जास्तीची पट्टी घालायला आलास. मी कोंबडी कापली होती, शेजारीपाजारी जमले होते, नाम्बेवेसुद्धा होती. झाकण लावताना तू मोठ्याने म्हणालास, "ऐका हो ऐका! मास्तरच्या यंत्रात एक पट्टी नवरीसारखी आणि एक मेलेल्यांच्या खोक्यातली. यंत्र वेडं झालं की मास्तरही वेडा होईल आणि ही बाई माझी!" सगळं अंगण हसलं. सगळ्यांत जास्त तुझा भाऊच हसला, त्याला ठसका लागला, मीच पाठ थोपटली.

दिराचं बोलणं कोण खरं धरतं?

फायसन, मी तुला एक विचारते. ते विचारण्याआधी माझं सांगते, कारण पहिल्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं.

त्या सकाळी विशेष बोलणं झालं नाही असं लिहिलं होतं. झालं होतं. मी पेज ठेवली तेव्हा तो म्हणाला, "डोरिका, मी काल रात्री पुन्हा आठवून पाहिलं. मी सगळी नावं घातली होती गं. शेवटचं नाव घालताना बाहेर पाऊस सुरू झाला होता, तेवढंही आठवतंय." तीन महिने तो हेच सांगत होता. मला आदल्या दिवशी बोअरवर टोमणे मिळाले होते. मी म्हटलं, "यंत्राला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलू नकोस. घातली असती तर निघाली असती. आता पेज खा, थंड होते."

त्याने साखर मागितली.

ते माझं शेवटचं बोलणं. यंत्र तपासायला मी बसले ती गावासाठी नाही. मलाच त्याच्यावर विश्वास नव्हता.

आता तू सांग. तो लाल ठिपका तुझा आहे का?

डोरिका


लिलोंग्वे
१५ जुलै

वहिनी,

माझा आहे.

दादाने ऑक्टोबरात फोन केला होता. नावांचं काम आलंय, यंत्र फार हळू चालतं, आणखी एक पट्टी घाल म्हणाला. त्या जातीची पट्टी माझ्याकडे नव्हती. बाजारात कुणाकडेच नव्हती. खोक्यात एक होती. ती मी एका गिऱ्हाइकाच्या यंत्रात चांगल्या पट्टीशेजारी घालून तासभर चालवून पाहिली, चालली. मला वाटलं, कधी काळी चुकून ठिपका दिला असेल. खरवडला. महिन्याभरात चांगली मिळाली की बदलून देईन, असं मनाशी ठरवून निघालो.

तुमच्या अंगणात पोचल्यावर मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण दादा सगळ्यांना सांगत होता की माझा भाऊ राजधानीत कॉम्प्युटरचा डॉक्टर आहे. मग मी ते थट्टेत सांगितलं. मनाला म्हटलं, सांगून तर झालं. त्याला खरं वाटलं तर तो विचारेल. तो हसला. तुम्ही हसलात. मी पण हसलो.

नोव्हेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. त्या टेकडीवरून केला असेल, वारा ऐकू येत होता. म्हणाला, "फायसन, तुझ्या यंत्रात काही दोष आहे का रे? लोक मला खोटं पाडताहेत." वहिनी, तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "यंत्र ठणठणीत आहे मास्तर, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार." तो मग म्हणाला, "असेल. तू म्हणतोस तर असेल." आणि बायकोला, पोरांना नमस्कार सांग म्हणाला.

म्हणजे शेवटी त्याचा स्वतःवरही पूर्ण भरवसा राहिला नसेल. हे मी केलं.

मातीच्या वेळी सांगणार होतो. त्याऐवजी तुमच्या नावाने विनोद केला. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, यंत्र इकडे आणून पट्टी काढून टाकतो, कुणाला कळणार नाही. तुम्ही दिलं नाहीत. यादीतून सहावं कारण मी जाणूनबुजून गाळलं. आच्छादनाचं लिहिलं तेही. तुम्ही चार दिवस जेवला नाहीत हे वाचलं तेव्हाही मी गप्प राहिलो.

वहिनी, एक मागतो. गावात हे कळलं की आठ दिवसांत इथे बाजारात कळेल. लाल ठिपक्याची पट्टी विकणारा म्हणून माझ्या दारात कुणी उभं राहणार नाही. ऑगस्टच्या शेवटी दादाच्या कबरीचा दगड बसवायला मी येईनच. तेव्हा मी स्वतः सांगेन, सगळ्यांसमोर, थट्टा न करता. तोवर थांबा. ही भीक आहे. नाही घातलीत तरी मला बोलायला तोंड नाही.

तुम्ही त्याला त्या सकाळी जे म्हणालात ते मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

फायसन


कालिलिमा
३१ जुलै

फायसन,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तू ऑगस्टपर्यंत थांब म्हणालास. मी थांबले नाही, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

पत्र वाचून मी यंत्रापाशी गेले. चांगली एकच पट्टी आत आहे. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलंय की यंत्र बंद पडताना कधी कधी उघड्या फाइलीची एक प्रत स्वतःच बाजूला ठेवतं, अशा कप्प्यात की सहसा कुणी बघत नाही. तिथे जायची वाट पुस्तकात दिली आहे. मला दोन दिवस लागले. सापडली. तारीख मुदतीच्या आदल्या दिवसाची. मी नावं बोटाने मोजली, मग पेन्सिलने वहीत खुणा करून मोजली. ऐंशी आहेत. वडिलांची नावं, जन्मतारखा, सगळं. एकही अक्षर चुकलेलं नाही. तुला माहीत आहे तो किती नीट लिहायचा. त्याला हवं होतं ते सगळं त्या खोलीतच होतं, तो दारात बसला होता तेव्हाही.

त्या शनिवारी मी काहीच केलं नाही. त्या दारातल्या खुर्चीला हात लावून उभी राहिले, एवढंच. रविवारी चर्चलाही गेले नाही.

सोमवारी तुझं पत्र, दोन्ही पट्ट्या आणि वही घेऊन हेडमास्तर चिसालेंकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "आई, परीक्षा संपली. आता मी काय करू शकतो?" मी म्हटलं, "नोव्हेंबरात तुम्ही सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर म्हणालात की चूक मास्तरची. त्याच जागी उभे राहून हे वाचा." ते म्हणाले, "यात तुमच्या दिराचं नाव आहे. आणि तुम्ही त्या सकाळी मास्तरला काय म्हणालात, तेही यात आहे, लोक विचारतील." मी म्हटलं, "वाचा. माझंही सांगा. मीही त्याला खोटं ठरवलं होतं."

मंगळवारी त्यांनी वाचलं. आपल्या चेवा भाषेत, सावकाश, सगळं. मी मागे भिंतीपाशी उभी होते. कुणी हसलं नाही. नंतर हेडमास्तर म्हणाले, यंदा नावं घालताना त्या चौदा मुलांची पहिली घालू. नाम्बेवे संध्याकाळी माझ्या दारात आली, पण आत आली नाही. म्हणाली, "ऑक्टोबरात मीही त्या विनोदाला हसले होते." मग गेली. मला तिला थांबवता आलं नाही.

तुझं दुकान चालेल की नाही मला माहीत नाही. तुझी पोरं माझी पुतणी आहेत, बटाटे दर महिन्याला येतील. दगड बसवायला ये. सगळ्यांसमोर बोल, तू शब्द दिलायस. पण फायसन, मला बायको म्हणू नकोस. मातीच्या वेळी म्हणालास तेव्हा राग आला नव्हता. आता येईल. आपली थट्टा संपली आणि ती कधी पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही. तुला माफ केलंय का, ते मी स्वतःला विचारते, आणि उत्तर येण्याआधीच दुसरा प्रश्न येतो, की मला कोण माफ करणार. तुझ्यापाशी एक पट्टी होती, माझ्यापाशी तो अख्खा माणूस होता, चोवीस वर्षं. तरी मी तपासलं ते यंत्र, आणि तेही तो गेल्यावर.

पत्र वाचलं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, सकाळच्या मिनीबसने मी न्चेऊला गेले, बसथांब्यावर तिसुंगानेला टपरीतून बाहेर बोलावलं, तिचं नाव एकाहत्तरावं होतं आणि मास्तरांनी ते लिहिलं होतं एवढं सांगितलं, आणि दुपारच्या गाडीने परत आले.

डोरिका